योकोझुना: सामोअन घराण्यातला मल्ल आणि जपानचे सोंग

माळ्यावरची पेटी (धागाकर्ता)

दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खाली आली आणि तिच्यात रबरबँड लावलेला ट्रम्प कार्डांचा, म्हणजे टीव्हीवरच्या मल्लांची वजने-उंच्या छापलेल्या पत्त्यांचा, गठ्ठा सापडला. ज्यांचे बालपण १९९० च्या दशकात गेले त्यांना अधिक सांगायला नको. माझ्याकडे योकोझुनाचा पत्ता होता. तो वर आला की वजन पुकारायचे आणि समोरच्याचा पत्ता मुकाट्याने आपल्या गठ्ठ्याखाली सरकवायचा, असा आमच्या वाड्यातला रिवाज होता. पत्त्याच्या एका कोपऱ्यावर अजूनही दातांच्या खुणा आहेत. हरल्यावर धाकट्या भावाने घेतलेला तो सूड होता.

आम्ही सगळे त्याला जपानी समजत होतो. केस वर बांधलेले, कमरेला सुमोचा पट्टा, सोबत जपानचा झेंडा आणि मिठाची बादली घेतलेले त्याचे व्यवस्थापक मिस्टर फुजी, आणि वर 'बन्झाई' अशी आरोळी. एवढे सगळे पाहिल्यावर शंका घेणार कोण? पुष्कळ वर्षांनी कळले की त्याचे खरे नाव रॉडनी अनोआई, जन्म २ ऑक्टोबर १९६६ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा, आणि घराणे सामोअन, म्हणजे पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांचे. ज्या घराण्यातून अफा आणि सिका हे 'वाइल्ड सामोअन्स', पुढे रिकिशी, उमागा आणि आजचा रोमन रेन्स आले, त्याच घराण्यातला हा मल्ल.

माझे दोन प्रश्न आहेत. सामोअन माणसाला जपानी करण्याची गरज डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी कुस्तीकंपनीला का वाटली असावी? आणि दोन वेळा विश्वविजेता होऊन ३४ व्या वर्षी परदेशातल्या हॉटेलच्या खोलीत मेलेल्या या माणसाची कारकीर्द यशस्वी म्हणावी, की इतरांनी त्याचा वापर करून घेतला असे म्हणावे?

साडेतीन शहाणा

वजन पुकारणाऱ्यांनी आमचे किती पत्ते नेले याचा हिशेब अजून बाकी आहे. धागाकर्त्याने तो आधी चुकता करावा आणि मग समाजशास्त्राकडे वळावे.

निशिगंध

ज्यांनी त्या काळी हे पाहिले नाही त्यांच्यासाठी कारकिर्दीचा आराखडा देते. घरातल्याच अफाच्या हाताखाली शिकून त्याने मेक्सिको आणि जपानमध्ये 'कोकिना' या नावाने कुस्त्या केल्या. नंतर अमेरिकेतल्या एडब्ल्यूए या कंपनीत तो 'कोकिना मॅक्सिमस' झाला. १९९२ च्या शरद ऋतूत डब्ल्यूडब्ल्यूएफने त्याला योकोझुना केले आणि त्यानंतरचा वेग थक्क करणारा होता. २४ जानेवारी १९९३ रोजी त्याने सॅक्रामेंटोची रॉयल रंबल जिंकली (वरच्या दोरावरून बाहेर फेकला गेला तो बाद, शेवटी उरेल तो विजेता, अशी ही अनेकांची लढत). विजेत्याला रेसलमेनियात, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात, अजिंक्यपदाची लढत मिळण्याची पद्धत त्याच वर्षी सुरू झाली, म्हणजे त्या वाटेने गेलेला तो पहिलाच.

त्या रंबलचा शेवट मला आजही डोळ्यांपुढे दिसतो. रिंगमध्ये दोघेच उरले होते. रँडी सॅवेजने वरच्या दोरावरून कोपराचा घाव घातला आणि, खरे तर या प्रकारात चीत करून काही मिळत नाही हे विसरून, तो योकोझुनाच्या छातीवर आडवा पडून राहिला. योकोझुनाने पडल्या पडल्या त्याला असा काही झटका दिला की सॅवेज वरच्या दोरावरून थेट बाहेर गेला. पाचशे पौंडांच्या माणसाला उचलून बाहेर कसे टाकायचे, या कोड्यात सगळे असताना त्यानेच दुसऱ्याला झोपून बाहेर टाकले.

पुढे ४ एप्रिल १९९३ रोजी रेसलमेनियात, लास वेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये, उघड्या आकाशाखाली, त्याने तेव्हाचा अजिंक्यवीर ब्रेट हार्ट याला हरवले, तेही फुजींनी हार्टच्या डोळ्यांत मीठ फेकल्यावर. आनंद काही मिनिटेच टिकला, कारण तिथेच हल्क होगनला आव्हान देण्यात आले, या वेळचे मीठ चुकून योकोझुनाच्याच डोळ्यांत गेले आणि होगनने २२ सेकंदांत अजिंक्यपदाचा पट्टा नेला. १३ जूनला 'किंग ऑफ द रिंग' या कार्यक्रमात योकोझुनाने तो परत मिळवला आणि मग थेट २० मार्च १९९४ पर्यंत, २८० दिवस, स्वतःकडे ठेवला. त्या कंपनीचा अजिंक्यवीर झालेला सामोअन वंशाचा तो पहिला मल्ल होता. माझ्या मते हे अपयश नक्कीच नव्हे.

खवचट आजोबा

आमच्या तरुणपणी याला नुरा कुस्ती म्हणत. निकाल आधी ठरलेला, मीठ कोणाच्या डोळ्यांत जायचे हेही आधी ठरलेले, आणि त्यावर तुम्ही २८० दिवसांचा हिशेब मांडून बसला आहात. ठरवून दिलेल्या अजिंक्यपदाला कारकीर्द म्हणायचे असेल तर नाटकातल्या राजाला निवृत्तिवेतनही सुरू करावे.

तांबडी माती

आजोबा, मी स्वतः लहानपणी तालमीत माती खाल्ली आहे, त्यामुळे तुमचा राग मला समजतो. तरीही एक भेद करावा लागेल. नुरा कुस्तीत प्रेक्षकाची फसवणूक असते, कारण तो निकाली कुस्ती पाहायला पैसे देऊन आलेला असतो. इथे निकाल ठरलेला असतो हे आज लहान मुलालाही माहीत आहे. ठरत नाही ते पडणे. ते प्रत्येक वेळी खरेच पडावे लागते.

योकोझुनाचा 'बन्झाई ड्रॉप' आठवून पाहा. प्रतिस्पर्धी कोपऱ्यात उताणा पडलेला आहे. हा दोन्ही बाजूंचे दोर धरून दुसऱ्या दोरावर चढतो, एकदा दोनदा झोका घेतो आणि त्याच्या छातीवर बसतो. जाहीर वजन त्या वेळी ५०५ पौंड, म्हणजे सुमारे २२९ किलो होते. एवढे ओझे खरोखर छातीवर आले तर बरगड्यांचा चुरा होईल. ते येऊ नये म्हणून उतरताना भार आपल्या पायांवर आणि मांड्यांवर घ्यायचा, खालच्या माणसाला केवळ स्पर्श होईल इतकेच टेकायचे, आणि लांबून पाहणाऱ्या हजारो लोकांना मात्र तो संपला असे वाटले पाहिजे. हे वर्षभरात शेकडो वेळा, रोज नव्या गावात करायचे. ज्याचे गुडघे हे रोज झेलत होते त्याला मी पैलवान म्हणणार, निकाल कोणीही लिहिलेला असो.

शिवाय तो चपळ होता. एवढ्या देहाचा माणूस गिरकी घेऊन लाथ मारतो, हे प्रथम पाहिले तेव्हा मी टीव्हीला अधिक जवळ सरकून बसलो होतो.

सुमिदाकाठ

मी नोकरीनिमित्त टोकियोत राहतो. योकोझुना हे कोणा व्यक्तीचे नाव नव्हे, ती सुमोतील सर्वोच्च पदवी आहे. शब्दाचा सरळ अर्थ 'आडवा दोर' असा होतो. त्या पदाचा मल्ल रिंगणप्रवेशाच्या विधीला कमरेभोवती जाड पांढरा दोर बांधून येतो आणि त्यावरून पदाला नाव पडले. एखाद्या परदेशी नाटकमंडळीने नटाचे नावच 'हिंदकेसरी' ठेवावे, तसा हा प्रकार झाला. मीठ फेकणेही खरे आहे, पण ते रिंगणाच्या शुद्धीसाठी असते. र्‍योगोकूच्या सभागृहात मी पाहिले आहे की काही मल्ल चिमूटभर टाकतात, तर काही मूठ भरून असे उंच उडवतात की पुढच्या रांगेतले प्रेक्षक टाळ्या वाजवतात. शत्रूच्या डोळ्यांत मीठ फेकण्याची कल्पना मात्र पूर्णपणे अमेरिकेची.

याहून मोठी गंमत पुढे आहे. त्याच सुमारास खऱ्या सुमोमध्ये कोनिशिकी नावाचा मल्ल होता. हवाईत जन्मलेला, सामोअन वंशाचा, वजन २८० किलोंच्या आसपास. १९८७ मध्ये तो ओझेकी, म्हणजे योकोझुनाच्या खालच्या पदावर पोहोचला, आणि तिथवर पोहोचलेला तो पहिला परदेशी मल्ल होता. नोव्हेंबर १९९१ आणि मार्च १९९२ अशा स्पर्धा जिंकूनही त्याला योकोझुनापद मिळाले नाही. त्या पदाला बळाबरोबर एक प्रकारची प्रतिष्ठाही लागते असे तिथे मानतात आणि ती परदेशी माणसाच्या अंगी असू शकते का, यावर त्या वर्षी मोठा वाद झाला. म्हणजे १९९२ च्या वसंतात जपानने एका सामोअनला योकोझुना करण्याचे टाळले आणि त्याच वर्षीच्या शरदात अमेरिकेने दुसऱ्या सामोअनला, कोणालाही न विचारता, योकोझुना करून टाकले.

माळ्यावरची पेटी

सुमिदाकाठ, हे मला अजिबात माहीत नव्हते. माझा पहिला प्रश्न आता अधिकच अवघड झाला आहे. ज्याने ही कल्पना काढली त्याच्या डोळ्यांपुढे कोनिशिकी असेल का?

सुमिदाकाठ

ते मी सांगू शकणार नाही, परंतु जाडजूड सुमो मल्ल आणि पॅसिफिकमधली बेटे यांची सांगड त्या काळच्या वृत्तपत्रांत रोज पडत होती एवढे खरे. जानेवारी १९९३ मध्ये, म्हणजे निशिगंध यांनी सांगितलेली रॉयल रंबल झाली त्याच महिन्यात, हवाईचाच आकेबोनो हा इतिहासातला पहिला परदेशी योकोझुना झाला.

केबलचे बिल

धागाकर्त्याच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेच्या तत्कालीन धास्तीत शोधावे लागेल. १९८९ मध्ये सोनीने कोलंबिया ही चित्रपटसंस्था विकत घेतली आणि त्याच वर्षी मित्सुबिशीने न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये मोठा हिस्सा घेतला. जपानी मोटारी तर रस्तोरस्ती होत्या. जपान आपल्याला विकत घेणार ही भीती घराघरात असताना, मनोरंजनाच्या धंद्याने तिला पाचशे पौंडांचा देह दिला.

४ जुलै १९९३ चा प्रसंग आठवा. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, आणि स्थळ न्यूयॉर्कच्या धक्क्याला कायमची उभी असलेली 'इंट्रेपिड' ही विमानवाहू नौका. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये जपानी आत्मघाती विमानांचे घाव सोसलेली हीच ती नौका. तिच्या डेकवर रिंग मांडून, योकोझुनाला उचलून आपटून दाखवा असे आव्हान फुटबॉलपटूंपासून कुस्तीगिरांपर्यंत सगळ्यांना दिले गेले. एकेक जण येऊन कंबर धरून परत गेला. शेवटी हेलिकॉप्टरमधून लेक्स लुगर हा अमेरिकन मल्ल उतरला आणि त्याने योकोझुनाला उचलून आपटले. पुढे लुगरला झेंड्याच्या रंगांच्या बसमधून देशभर फिरवले. ३० ऑगस्टला समरस्लॅम या कार्यक्रमात दोघांची लढत झाली ती डेट्रॉइटजवळच्या ऑबर्न हिल्समध्ये, म्हणजे ज्या मोटारधंद्याला जपानने घाम फोडला होता त्याच्या माहेरी. हे सगळे योगायोग आहेत असे मानण्याइतका मी भोळा नाही.

आणि शेवट काय झाला? योकोझुना वेळेत रिंगमध्ये परतला नाही म्हणून लुगर जिंकला, पण अशा विजयात पट्टा मिळत नाही. फुगे सोडले गेले, खांद्यावर मिरवणूक निघाली आणि पट्टा सामोअन जपानी घरी घेऊन गेला. लग्न लागण्यापूर्वीच वरात काढण्याचा हा प्रकार होता.

निशिगंध

केबलचे बिल, राजकारण होतेच, पण धंद्याचे एक कोरडे कारणही विसरू नये. त्या काळात ही कंपनी उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात अडकली होती. १९९१ मध्ये एका डॉक्टरला शिक्षा झाली, १९९३ च्या अखेरीस मालक व्हिन्स मॅकमहन यांच्यावर आरोप ठेवले गेले आणि जुलै १९९४ मध्ये ते निर्दोष सुटले. फुगलेल्या दंडांच्या प्रत्येक मल्लाकडे लोक संशयाने पाहत असताना, ज्याच्या अंगावर फुगलेला स्नायू शोधूनही सापडणार नाही असा खलनायक कंपनीला सोयीचा वाटला असेल, असे माझे मत आहे. याला पुरावा मागू नये. तर्क आहे, तर्काइतकाच त्याचा मान ठेवावा.

दक्षिणगोल

मी ऑकलंडला राहतो. आमच्या गल्लीत चार घरे सामोअन आहेत आणि रविवारी चर्चहून परतताना पांढऱ्या कपड्यांतली ती सगळी कुटुंबे एकत्र चालत येतात तेव्हा रस्ता भरून जातो. त्यांच्याकडून शिकलेल्या दोन गोष्टी इथे उपयोगी पडतील.

पहिली उच्चाराची. सामोअन लेखनात जिथे 'ग' येतो तिथे उच्चार 'ङ'चा होतो, तेव्हा टीव्हीवरचा 'उमागा' हा खरे तर 'उमाङा' आहे. अनोआई या नावातही 'आ' आणि 'ई' यांच्यामध्ये घशात किंचित अडखळायचे असते. माझ्या शेजारच्या आजींनी मला ते सहा वेळा म्हणायला लावले आणि सहाही वेळा नापास केले.

दुसरी गोष्ट 'आइङा'ची. हा त्यांचा कुटुंबासाठीचा शब्द, पण त्यात आपली भावकी, सोयरीक आणि मानलेली नाती सगळीच येतात. अनोआई घराण्याचा मूळ पुरुष अमितुआनाई आणि 'हाय चीफ' म्हणून गाजलेला पीटर मायव्हिया यांनी एकमेकांना रक्ताचे भाऊ मानले होते. मायव्हियाच्या कंबरेपासून गुडघ्यांपर्यंत सामोअन परंपरेचे गोंदण होते. द रॉक हा त्याच्या मुलीचा मुलगा. तेव्हा द रॉक आणि योकोझुना यांचे नाते रक्ताचे नसून शब्दाचे आहे, पण आइङात शब्दाचे नातेही तेवढेच पक्के असते.

आता मूळ प्रश्न. सामोअन माणसाला जपानी केले म्हणून आपण हळहळतो, पण त्याला सामोअन म्हणूनच उभे केले असते तर काय मिळाले असते ते पाहू. अफा आणि सिका यांना सामोअन म्हणूनच आणले होते. त्यांना रिंगजवळ कच्चे मासे खायला लावले आणि भाषा न येणारे रानटी म्हणून दाखवले. त्यातला अफा अमेरिकेच्या मरीन दलात नोकरी करून आलेला होता. दोघांनी तीन वेळा जोडीचे अजिंक्यपद मिळवले, पण रानटीपणा सुटला नाही. पुढच्या पिढीतल्या सामू आणि फाटू यांनाही तेच सोंग दिले, आणि सामोअन माणसाचे डोके इतके कठीण असते की त्यावर घाव घातला तरी त्याला कळत नाही, हा विनोद तर पिढ्यानपिढ्या चालला. या तुलनेत योकोझुनाला मिळालेले सोंग परक्याचे असले तरी त्यात मान होता. तो चालत यायचा, संथपणे वाकायचा आणि लोक गप्प व्हायचे. स्वतःच्या नावाने अपमान घ्यावा की परक्या नावाने मान, असा तो व्यवहार होता आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही दुसरा पर्याय निवडला असता.

साडेतीन शहाणा

शेजारच्या आजींना सांगा की आम्ही 'ङ' हे अक्षर शाळेत केवळ बाराखडी पुरी व्हावी म्हणून शिकलो होतो. त्याचा उपयोग सामोआत होतो हे कळायला चाळीस वर्षे लागली.

केबलचे बिल

दक्षिणगोल, मान होता हे अर्धेच खरे आहे. त्याला बोलू दिले जात नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला माणूस, अमेरिकन इंग्रजी त्याची रोजची भाषा, आणि वर्षानुवर्षे तोंडी एकच शब्द. बाकी सगळे फुजी बोलणार आणि पुढे जिम कॉर्नेट. तेही फुजी म्हणजे होनोलुलूत जन्मलेले हॅरी फुजिवारा. एक हवाईकर आणि एक कॅलिफोर्नियाकर मिळून अमेरिकेला जपानची भीती दाखवत होते. १९९६ मध्ये त्याला नायकांच्या बाजूला आणले तेव्हा तो सरळ इंग्रजीत बोलू लागला आणि ज्या प्रेक्षकांनी हे ऐकले त्यांना धक्का बसला.

कंपाउंडर

धाग्यात सगळे सोंगाविषयी लिहीत आहेत, मी देहाविषयी लिहितो. १९९३ साली ५०५ पौंड जाहीर होणारे वजन पुढे साडेपाचशेच्या वर गेले आणि त्याहीपुढे चढत राहिले. रिंगमधले त्याचे डाव त्या प्रमाणात कमी झाले. आधी गिरकी गेली, मग धावणे गेले, शेवटी कोपऱ्यात उभे राहून समोरच्याला अंगावर येऊ देणे एवढेच उरले. कंपनीने वजन उतरवायला सांगितले, ते साधले नाही. २३ ऑक्टोबर २००० रोजी तो इंग्लंडच्या दौऱ्यावर असताना लिव्हरपूलच्या हॉटेलमध्ये मृतावस्थेत सापडला. कारण फुप्फुसांत पाणी साचण्याचे होते. एवढ्या देहाला रक्त पुरवता पुरवता हृदय थकते, त्याची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी होते, मागे रक्ताचा दाब वाढतो आणि फुप्फुसांत पाझर सुरू होतो. माणूस आडवा झाला की श्वास अधिक कोंडतो. म्हणून असे रुग्ण उशांची चळत रचून बसल्या बसल्या झोपतात. त्याच्याबाबतीत नेमके काय घडले ते तपासणाऱ्यांना ठाऊक. मी सर्वसाधारण क्रम सांगितला.

उमागा, म्हणजे रिकिशीचा भाऊ, २००९ मध्ये ३६ व्या वर्षी गेला. रोमन रेन्सचा थोरला भाऊ रोझी २०१७ मध्ये ४७ व्या वर्षी गेला. घराण्याच्या यशाची यादी वाचताना ही दुसरी यादीही शेजारी ठेवावी.

तांबडी माती

कंपाउंडर, तुमचा प्रतिसाद वाचून मला माझे चुलते आठवले. जोर आणि बैठका सुटल्या, पण खुराक सुटला नाही. दूध, तूप, बदाम तसेच चालू राहिले आणि पन्नाशीत जिना चढताना ते दर चौथ्या पायरीला थांबू लागले. फरक एवढाच की चुलत्यांना वजन कमी करण्याचा सल्ला सगळे देत होते आणि त्यात कोणाचे नुकसान नव्हते. योकोझुनाचे पोट त्या वजनावर चालत होते. तो शंभर किलोंनी उतरला असता तर त्याला योकोझुना म्हणून कोणी बोलावले असते?

आपल्याकडे म्हणतात की सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. त्याच्या बाबतीत देश खोटा होता, नाव खोटे होते, मिठाचा अर्थ खोटा होता, निकालही ठरलेले होते. वजनाचे सोंग मात्र त्याला आणता आले नाही. ते खरेच वाहावे लागले.

त्याच्या पडझडीच्या दोन्ही मोठ्या खुणा कोपऱ्यातल्याच आहेत. २० मार्च १९९४ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो बन्झाई ड्रॉपसाठी दोरावर चढला, तोल जाऊन मागे पडला आणि ब्रेट हार्टने त्याला चीत केले. तो तोल जाणे ठरलेले होते. ऑगस्ट १९९६ मध्ये क्लीव्हलंडला, स्टीव्ह ऑस्टिनसमोर, तो त्याच डावासाठी चढला आणि या वेळी वरचा दोरच तुटला. तेही कथानकातच होते असे म्हणतात. ठरलेले असो वा नसो, माणसाला त्याच्या वजनावरून हसवण्याची वेळ आली की समजावे, बोलावणी आता थोडीच उरली आहेत.

खवचट आजोबा

शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. नुरा कुस्तीविषयीचे माझे मत कायम आहे, परंतु वरील प्रतिसादातले निवृत्तिवेतनाचे वाक्य मी मागे घेतो. या गड्याला ते द्यायला हवे होते.

निशिगंध

एका रात्रीचा उल्लेख राहून गेला. १७ नोव्हेंबर १९९६, पुन्हा मॅडिसन स्क्वेअर गार्डन, सर्व्हायव्हर सीरिज. चार विरुद्ध चार अशा एका गोंधळाच्या लढतीत योकोझुना उतरला, सगळेच बाद ठरले आणि लढत अनिर्णित राहिली. त्या कंपनीच्या मोठ्या कार्यक्रमातले ते त्याचे शेवटचे दर्शन. त्याच रात्री, त्याच रिंगमध्ये, 'रॉकी मायव्हिया' नावाच्या चोवीस वर्षांच्या पोराने पदार्पण केले. आजोबांचे आणि वडिलांचे नाव जोडून तयार केलेले ते नाव होते, आणि निवेदक त्याच्या घराण्याचा उल्लेख अभिमानाने करत होते. दक्षिणगोल म्हणतात तो व्यवहार त्या एका रात्रीत उलटा झालेला दिसतो.

तरी लगेच सगळे बदलले असे नाही. १९९९ च्या सुमारास फाटूला 'रिकिशी' केले, आणि रिकिशी हाही सुमो मल्लासाठीचा जपानी शब्दच. मात्र केस सोनेरी, चाल नाचाची आणि जपानचा पत्ताच नाही! पुढे रोमन रेन्सने घराणे हाच आपल्या कथेचा गाभा केला. २०२० मध्ये अफा आणि सिका यांनी स्वतः येऊन त्याच्या गळ्यात लाल 'उला फाला' माळ घातली. ज्या दोघांना कच्चे मासे खायला लावले होते तेच आता वडीलधारे म्हणून सन्मानाने उभे होते. त्या सोहळ्याच्या सुमारे दोन महिने आधी, ३० ऑगस्ट २०२० रोजी, सुरू झालेली त्याची अजिंक्यपदाची सत्ता १,३१६ दिवसांची झाली. २०१२ मध्ये योकोझुनाला मरणोत्तर हॉल ऑफ फेममध्ये घेतले तेव्हा तो सन्मान रिकिशीच्या जुळ्या मुलांनी, म्हणजे उसो बंधूंनी केला, आणि घराण्यातला माणूस म्हणूनच केला.

सुमिदाकाठ

माझ्याकडून एक पुरवणी. १९९९ मध्ये मुसाशिमारू योकोझुना झाला आणि त्याचा जन्म अमेरिकन सामोआतला. म्हणजे टीव्हीवरच्या सोंगानंतर सहा वर्षांनी खरा सामोअन योकोझुना आला. आणि आकेबोनो, जो पहिला परदेशी योकोझुना, तो निवृत्तीनंतर २००५ च्या रेसलमेनियात बिग शो याच्याशी सुमो खेळायला लॉस एंजेलिसला गेला व जिंकला. योकोझुना नावाच्या मल्लाने जिथे मीठ फेकले, त्याच मंचावर अखेर खरा योकोझुना जाऊन आला.

माळ्यावरची पेटी

सर्वांचे आभार. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले असे मी धरतो: भीती जपानची होती, देह सामोआचा मिळाला, आणि अमेरिकन प्रेक्षकाला दोन्हींतला फरक ओळखण्याची गरज वाटली नाही. आम्हालाही ती कुठे वाटली होती? दुसऱ्या प्रश्नावर मात्र माझे मत धाग्यादरम्यान दोनदा बदलले. निशिगंध यांची आकडेवारी वाचून यशस्वी म्हणावेसे वाटले, कंपाउंडर यांच्यामुळे ते मागे घेतले, आणि तांबडी माती यांनी बन्झाई ड्रॉपमध्ये भार कुठे घ्यावा लागतो ते लिहिल्यावर पुन्हा पहिल्याकडे आलो आहे. इतक्या जणांच्या छातीवर बसून त्यांना धड उठू देणारा माणूस आपल्या कामात पक्का होता, एवढे तरी मी म्हणेन.

काल भाच्याला तो पत्ता दाखवला. त्याला रोमन रेन्स ठाऊक आहे. 'हा त्याच्याच घरातला,' असे सांगितल्यावर त्याने पत्ता उलटून पाहिला आणि विचारले, 'मग याने माळ का घातली नाही?'

साडेतीन शहाणा

तो पत्ता विकायचा असल्यास कळवावे. माझ्याकडे जायंट गोन्झालेस आहे, उंचीला आजवर कोणी हरवलेला नाही. रोख रक्कम नको, अदलाबदल चालेल.

माळ्यावरची पेटी

गोन्झालेसच्या अंगावरचे स्नायू रंगवलेल्या कपड्याचे होते. माझ्या पत्त्यावर दातांच्या खुणा असल्या तरी वजन अस्सल आहे. व्यवहार नामंजूर.